काठोकाठ भरलेली टाकी

आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो. त्या दिवशी घरातलं एकही भांडं अर्धवट राहिलेलं मला खपत नाही. पाळायला आणलेल्या मरळ माशासाठी सहा फुटांची काचेची टाकी करून आणली, तीही मी काठोकाठ भरली. मरळ हातभर लांब, दुसरे मासे अख्खे गिळणारी आणि उडी मारून पळणारी. म्हणून वर काचेचं झाकण घातलं आणि त्यावर वरवंटा ठेवला.

मरळ आधी टाकीभर फिरली. मग खालून झाकणाला धडका द्यायला लागली. हिला पाहिजे तरी काय, म्हणून मी काचेला नाक लावून बघत बसलो. पळायचं असेल असं वाटलं, म्हणून वरवंट्याशेजारी खलबत्ताही ठेवला.

तेवढ्यात पिंगळीहून सासरे आले. त्यांचा जन्म नदीवर मासे धरण्यात गेलेला. चप्पल न काढताच ओरडले, “जावई, ती मरायली ना! मरळ वर येऊन हवा घेती. तुमी जागाच ठेवली न्हाई.”

मासा पाण्यात गुदमरतो? मला पटेना, उलट रागच आला. तरी झाकण काढून चार-पाच बादल्या उपसल्या. घरातलं सगळं भरलेलं, त्यामुळे ते पाणी मोरीत ओतावं लागलं. माझ्या अगदी जिवावर आलं. मरळीने तोंड वर काढलं, एक घोट हवा घेतली आणि शांतपणे तळाशी जाऊन बसली.

आजही नळाच्या दिवशी मी वाटीसुद्धा काठोकाठ भरतो. टाकी तेवढी चार बोटं रिकामी ठेवतो. मरळ त्या चार बोटांवर जगते.