बंड्याचा बायकांवरचा राग

"अहो, धरा त्याला!"

मी स्कूटर स्टँडवर लावतच होते आणि बंड्या माझ्या अंगावर आला. श्रद्धा दोन्ही हातांनी पट्टा ओढत होती आणि पट्ट्याबरोबर स्वतःही फरशीवरून घसरत होती. मी स्कूटर आमच्या दोघांच्या मध्ये घेतली, बाजूला तोंड करून उभी राहिले. अंगावर येणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही आणि पळायचं तर मुळीच नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकावं लागतं. शेवटी वॉचमन धावत आला आणि दोघांनी मिळून त्याला लिफ्टमध्ये कोंबलं.

मी कुत्र्यांना शिकवते. राहते सदाशिव पेठेत. तिथे याला अजून कोणी धंदा मानत नाही, शेजारचे एक आजोबा मला "सर्कस कशी चाललीय?" असं विचारतात. पण ही गोष्ट घडली त्या वर्षांत खराडीकडे काचेच्या कंपन्या धडाधड उभ्या राहत होत्या. येरवड्याच्या पुढे जिकडे तिकडे नव्या सोसायट्या होत होत्या. आधी फ्लॅट, मग गाडी, मग कुत्रा असा क्रम होता. मला कामाला तोटा नव्हता.

श्रद्धा मूळची अमरावतीची, इथे एका आयटी कंपनीत टेस्टिंगला होती. नवरा ऑनसाईट, म्हणजे कंपनीने अमेरिकेत पाठवलेला. घरी ती, बंड्या आणि सोबतीला आलेली आई. बंड्या वर्षाचा होता, लॅब्राडॉर आणि आणखी कशाचं तरी मिश्रण. अंगाने चांगलाच दांडगा. तो बी विंगमधल्या दोन बायकांवर धावून गेला होता आणि तिसरीची, तिथल्याच कुलकर्णी वहिनींची, सलवार त्याने टरकन फाडली होती. दात लागले नाहीत हे नशीब. येत्या रविवारी कमिटीची मीटिंग होती. बंड्याला सोसायटीतून घालवायचा ठराव.

असा ठराव कायद्यात बसत नाही हे मला ठाऊक होतं. पण रोज लिफ्टमध्ये कायदा बरोबर घेऊन चढता येत नाही.

वर गेले तर हा गृहस्थ श्रद्धाच्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पसरलेला. मी शेजारी बसले. त्याने माझे हात हुंगले, बिस्किट घेतलं आणि माझ्या पायावर पाय टाकून झोपला.

"पाहा बाप्पा," आई म्हणाली, "हा चावनारा दिसून रायला का तुमाले?"

नव्हता दिसत. म्हणून तर मला चैन पडेना. मुळातच चिडका कुत्रा असेल तर काम सोपं असतं, कुठून सुरुवात करायची ते कळतं. हा रिॲक्टिव्ह होता. म्हणजे एरवी शहाणा, पण एक ठरावीक गोष्ट दिसली की डोकं फिरणारा. त्या गोष्टीला आम्ही ट्रिगर म्हणतो. ट्रिगर सापडला नाही तर बाकी सगळं शिकवणं वाया.

"पिल्लू असताना सोशलायझेशन केलं होतंत?" मी विचारलं. सोशलायझेशन म्हणजे पिल्लाला कोवळ्या वयात तऱ्हेतऱ्हेची माणसं, आवाज, वस्तू गोडीगुलाबीने दाखवायच्या. त्या वयात जे बघितलं ते आपलं. जे राहून गेलं, त्याची पुढे भीती. आणि कुत्र्याची भीती लांबून रागासारखीच दिसते.

श्रद्धा दुखावलीच. "मॅडम, सगळं केलं! इंटरनेटवर वाचून केलं. छत्री दाखवली, दाढीवाले दाखवले, हॅटवाले दाखवले. स्केटबोर्डसुद्धा."

"स्केटबोर्ड? इथे?"

"कलीगच्या मुलाचा मागून आणला."

मी वहीत लिहून घेतलं, स्केटबोर्ड झाला.

खाली पार्किंगमध्ये चेअरमन साने काका वाटच बघत होते. बँकेतून रिटायर झालेले आणि सोसायटीत रुजू झालेले. "अहो मॅडम, साधी गोष्ट आहे. त्याला बायकांचा राग आहे. आपण उगाच वेळ घालवताय."

"श्रद्धा बाई आहे. तिची आई बाई आहे. मीही आहे, असा माझा समज आहे."

"तिघीही बी विंगमध्ये राहत नाहीत," काका म्हणाले. पुण्यात वादात कोणी हरत नाही.

मला वाटलं, स्कूटरचा राग असेल. वॉचमनला हेल्मेट घालून स्कूटरवरून फिरवलं. बंड्या जांभया देत बसला. मग वाटलं, गॉगल असेल. वॉचमनला माझा गॉगल लावला. बंड्याने शेपूट हलवली. अंधार पडायला लागला, रविवार जवळ येत होता आणि माझ्या हाती भोपळा. श्रद्धा सारखी नखं खात होती. आई वरून खिडकीतून विचारत होती, "काही समजलं का वो?" कुत्रा सोडून सगळे अस्वस्थ.

शेवटी मी निघाले. श्रद्धा बंड्याला घेऊन मला सोडायला स्कूटरपर्यंत आली. मी सवयीने डिकीतून स्कार्फ काढला, डोक्यावरून घेतला, नाकावरून फिरवला आणि मागे गाठ मारली.

बंड्या गुरगुरला.

मी स्कार्फ सोडला, तो गप्प झाला. पुन्हा बांधला, मानेवरचे केस ताठ. आल्या आल्या तो अंगावर धावला, तेव्हाही हाच स्कार्फ माझ्या तोंडावर होता. मघाशी माझ्या हातून बिस्किट खाल्लेलं कार्टं माझ्यावर दात विचकत होतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे दुचाकीवरची बाई धूळ-उन्हाच्या नावाखाली फक्त डोळ्यांची फट ठेवून सगळं तोंड बांधते. वर गॉगल, हातमोजे, सनकोट. दरोडा घालायला निघाल्यासारख्या आम्ही भाजी आणायला जातो. इतकं रोजचं झालंय की ते डोळ्यांना दिसतच नाही. इंटरनेटवर पिल्लाला काय काय दाखवायचं ते लिहिणाऱ्या परदेशी माणसाला तर ते स्वप्नातही दिसलं नसणार.

"तुम्ही नाही बांधत स्कार्फ?" मी विचारलं.

"अमरावतीला बांधायची. इथे कंपनीची कॅब येते ना, गेटवर." ती थांबली. "आणि लसी होईपर्यंत डॉक्टरांनी बाहेर न्यायला मनाई केली होती. म्हणून सगळ्यांना घरीच बोलावलं."

घरी येणारी प्रत्येक बाई दाराशी स्कार्फ सोडून आत येते. म्हणजे बंड्याने पुण्यातली झाडून सगळी माणसं पाहिली होती, फक्त पुणं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. आधी त्याच्या थाळीशेजारी नुसता स्कार्फ ठेवला. मग आईच्या खांद्यावर. मग गळ्यात. दर वेळी वर चिकनचा तुकडा. स्कार्फ दिसला की काहीतरी चांगलं घडतं, एवढंच त्याच्या डोक्यात बसवायचं. मग मी श्रद्धाला म्हटलं, "आता तुम्ही पूर्ण बांधून दारातून आत या. बोलायचं मात्र नाही."

ही माझी घाई झाली. ती आत आली आणि बंड्या सोफ्यावरून उडी मारून तिच्यावर भुंकला. तिच्यावरच! ती मटकन खाली बसली. स्कार्फ ओढून काढला आणि लहान मुलीसारखी रडली. "मॅडम, त्याने मला पण नाही ओळखलं हो! हा गेला तर या घरात मी कोणासाठी येऊ रोज?" बंड्या बिचारा घाबरून तिचे कान चाटत होता. आई पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी खिडकीजवळ जाऊन उगाच स्कूटर नीट लावलीय का ते बघितलं.

रविवारी सकाळी कमिटी पार्किंगमध्येच जमली. खरं तर या कामाला आठवडे लागतात. साने काकांना ते मंजूर नव्हतं. "काय ती परीक्षा आजच होऊ दे," ते म्हणाले. मी बंड्याला मझल घातली, म्हणजे तोंडाची जाळी. त्यातून त्याला खाता येतं, चावता येत नाही. आणि कुलकर्णी वहिनींना विनंती केली, "नेहमीसारख्या या. पण लांबून, सावकाश."

वहिनी गेटातून स्कूटरवर आल्या. गुलाबी स्कार्फ, काळा गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. खरं सांगते, मलाही जरा दचकायला झालं. श्रद्धाने चिकनची पुडी उघडून हाताशी धरली. बंड्या ताठ झाला. गुरगुरला. मग एकदा, मोठ्यांदा, भुंकला.

"भुंकला!" साने काका म्हणाले. "संपला विषय."

"थांबा. भुंकला, आता काय करतोय ते बघा."

बंड्याने मान वळवली होती. वहिनींकडे पाठ करून तो श्रद्धाच्या तोंडाकडे बघत होता, चिकनच्या आशेने. लोकांना ते काहीच वाटत नाही. आमच्या धंद्यात सगळा जीव त्या मान वळवण्यात असतो. भीती वाटली आणि ती घेऊन तो अंगावर न जाता आपल्या माणसाकडे आला. श्रद्धाने जाळीतून तुकडा दिला. "माझं सोनं ते," ती पुटपुटली.

"मॅडम, भुंकणं ते भुंकणं. नियम सगळ्यांना सारखा," काका ठाम होते. मी वाद घालायला तोंड उघडलं, पण त्याआधी वहिनींनी स्कूटर बंद केली. गॉगल काढला, मग हातमोजे, मग स्कार्फाची गाठ सोडली. बंड्याच्या कानांचा ताठपणा गेला आणि शेपूट हलायला लागली.

"साने काका," वहिनी म्हणाल्या, "परवा सिग्नलला आमचे हे माझ्या शेजारी गाडी लावून उभे होते. मी हात केला तर म्हणाले, 'काय हो बाई, काय पाहिजे?' लग्नाला एवढी वर्षं झाली! हे कुत्रं तर मला धड दोनदाही भेटलेलं नाही. घालवायचंच असेल तर आधी कोणाला घालवायचं, ते कमिटीने ठरवावं."

वहिनींचे मिस्टर कमिटीचे खजिनदार होते. ते शेजारीच उभे होते आणि अचानक स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. ठराव तिथेच मागे पडला.

बंड्या राहिला. पावसाळा संपेपर्यंत मी जात होते. पुढे वहिनींच्या स्कार्फाला तो नुसता कान हलवून नमस्कार करायला लागला. हल्ली मला कोणी पिल्लाचं विचारलं की मी आधी विचारते, इंटरनेटवर काय वाचलंत ते राहू द्या, सकाळी आपल्या गेटवर उभं राहून बघितलंत का? आणि एक, घरी गेलात की स्वतः स्कार्फ बांधून नवऱ्यालाही एकदा तोंड दाखवा.