शिवळीची सनई

आजवर कुणाला सांगितलं नाही. आमच्या गुरवाच्या तरण्या पोराला सनई मी दिली नव्हती.

जत्रेच्या तोंडावर त्याची सनई तडकली. नवं लाकूड चिरतं, मुरलेलं शिसव आणा, असं सनई कातून देणारा कातारी म्हणाला. कॅसलरॉकला एका अनोळखी गाडीवानाशी मी हे सहज बोललो. त्यानं जुवातली शिवळ, बैलाच्या मानेजवळची ती जुनी शिसवी खुंटी, उपटली. कानाशी धरून टिचकी मारली आणि माझ्या हाती दिली. तिच्या जागी दोरी आवळत हसला, "बैलास दोरीबी चालती, मास्तर. त्येला सूर कुठं कळतोय?"

काताऱ्यानं त्या शिवळीची सनई केली. जत्रेत ती अशी घुमली, की पालखीचे भोईसुद्धा जागीच थांबले. मानाचा नारळ लोकांनी मला दिला. मी तो घेतला.

तो नारळ गाडीवानाचा होता, हे भरल्या देवळात सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.