कानांनी परतलेला कांदा

बस डेपोच्या फाटकाबाहेर आमची आत्या मोठ्या सपाट तव्यावर अंडी, कांदा, बटाट्याचे काप आणि पाव भाजून विकते. तवा म्हणजे दाराच्या फळीएवढं जाड लोखंड, खाली तीन बर्नर, वर पत्र्याचं छप्पर. आतोबा डेपोत फिटर होते, तेव्हा त्यांनीच तो वेल्डिंग करून दिला. ड्रायव्हर, कंडक्टर सगळे तिला आत्याच म्हणतात. तिचा हात असा बसलेला, की तव्याकडे पाठ करून गप्पा मारतानाही ती नुसत्या वासावरून वळायची आणि नेमका झालेला काप उलटायची.

मग तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "परत येईल, कदाचित नाहीही येणार. वाट बघा."

वाट बघणं आत्याच्या स्वभावात नाही. अंगात जरा ताकद येताच ती तव्यापाशी उभी राहिली. पाव कापायला वळली आणि तेवढ्यात कांद्याचा कोळसा झाला. एक ड्रायव्हर बशीत डोकावून म्हणाला, "आत्या, हे ग्रीस कुठल्या गाडीचं?" सगळे हसले, तीही हसली. घरी आल्यावर मात्र मला म्हणाली, "कांद्याचं सोड गं. सकाळी नातीला कुशीत घेतलं, तर तिच्या केसांना वासच नाही. पोर परकी वाटली मला."

आतोबा लगेच पुढे सरसावले. "मी उभा राहतो तुझ्या शेजारी. माझं नाक शाबूत आहे." त्यांना तसंही सगळ्यात नाक खुपसायची हौस, आता तर हक्कच मिळाला. दुसऱ्या दिवशी दर दोन मिनिटांनी ते ओरडत होते, "जळतंय, जळतंय!"

"अहो, ती समोरची बस धूर सोडतेय," आत्या म्हणाली. "तुम्ही घरी जा बघू."

सुट्टीच्या दिवशी फाटकाबाहेर चिटपाखरू नव्हतं. तिने तवा तापवला आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पावाचे काप मांडले. थोड्या वेळाने सगळे उलटे केले. मधले काळेकुट्ट, उजवीकडचे बदामी, फाटकाकडचे पांढरेफटक.

"बघ, इतकी वर्षं मी हे नाकाने सांभाळून घेत होते," ती मला म्हणाली. "तवा काय करतो ते कधी बघितलंच नाही."

वारा फाटकाकडून येऊन आच पळवत होता. आतोबांनी त्या बाजूला पत्रा ठोकला, पण बर्नरला हवा लागते म्हणून खाली फट ठेवली. तेल एका कोपऱ्यात साचायचं, तिथे तव्याच्या पायाखाली लाकडाची पाचर मारली. मग आत्याने जागा वाटून टाकल्या: मधे कांदा-बटाटा, उजवीकडे अंडी, आणि डावीकडचा बर्नर मुद्दाम मंद, झालेलं गरम ठेवायला.

राहिले कान. तव्यावर पाण्याचे थेंब टाकायचे. जागच्या जागी चुर्र झाले तर तवा अजून आळसावलेला. मण्यांसारखे पळाले की तेलाचा पातळ हात फिरवायचा. "कांद्यात पाणी आहे तोवर तो तडतड बोलतो," ती सांगायची. "आवाज बारीक झाला की लाल व्हायला लागला. गप्प झाला की गेला हातातून. आणि ढीग घालू नकोस, नाहीतर भाजायचा सोडून उकडत बसतो."

खरी परीक्षा सकाळच्या गर्दीत झाली. तव्यावर कांदा पसरलेला, रांग फाटकापर्यंत, आणि एक बस तिच्या कानाशी येऊन घरघरत उभी राहिली. आत्या उलथनं उगारून ओरडली, "ए दादा, इंजिन बंद कर! मला कांदा ऐकू येत नाहीये!"

रांगेतले सगळे वळून बघू लागले. ड्रायव्हरला आधी थट्टा वाटली, पण तिचा चेहरा बघून त्याने मुकाट्याने किल्ली फिरवली. कांद्याचा आवाज बारीक झालाच होता. तिने उलथन्याच्या दोन फटक्यांत सारा कांदा मंद बाजूला ओढला. सोनेरी, एकही काडी काळी नाही.

"आता लाव तुझी गाडी," ती म्हणाली. "आणि खाऊन जा."

त्यानंतर फाटकाशी आल्यावर ड्रायव्हर आपण होऊनच इंजिन बंद करू लागले. मॅनेजरने डिझेल वाचवल्याबद्दल सगळ्यांचं कौतुक केलं. खरं कारण त्याला कुणी सांगितलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी आत्या तवा धूत होती. गरम असतानाच पाणी ओतून खरवडायचा, पुसायचा आणि तेलाचा हात देऊन झाकायचा, अशी तिची रीत. एकदम थांबून तिने हवेत हुंगलं.

"डिझेल!" ती म्हणाली. "एवढ्या दिवसांनी आलं, ते हे आलं!"

कांद्याचा वास तिला अजून धड येत नाही. घरी आल्यावर तिने आधी नातीला उचललं आणि तिच्या डोक्यावर नाक टेकवून कितीतरी वेळ उभी राहिली. काही आलं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "जरासं. साबणाचं असेल. पण येतंय."