पायल मचाणावर आणि बाबा मऊ

आमच्या घरात मानसशास्त्र मी आणलं, आणि ते आल्यापासून घरात कोणी सुखी नाही.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी सांगते ते खरंच असणार, अशी बाबांची समजूत. (माझीही होती.) धाकटी पायल दहावीत. ती शाळा बुडवू लागली म्हणून बाबांनी तिचा मोबाईल धानाच्या कोठीत पुरला. तिने शेत गाठलं आणि रानडुकरं हाकायच्या मचाणावर जाऊन बसली. बोर्डाचा फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस!

"मोबाईल नाई तं फॉर्म नाई!" पायल वरून.

"मंग बस तिथीच! डुकरं हाक जन्मभर!" बाबा खालून.

मी चाचरत म्हटलं, "बाबा, तापट पोरीशी आपणही तापलो तर ती जास्तच बिघडते. पुस्तकात आहे. थोडं मऊ बोला ना."

बाबांनी घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा (बैलाशी सोडून) ते मऊ आवाजात बोलले, "पायल... बेटा... ये ना खाली."

वर मचाण करकरलं. मग एकदम रडणं!

"ताई, बाबाले काय झालं? माह्यं लग्न जमवलं काय?"

"नाई वं!"

"मंग बेटा काऊन म्हणून राह्यले? पाहुणे आले असतीन घरी! मी नाई उतरत!"

बाबांचा मऊपणा तिथेच संपला. त्यांनी शिडी ओढून दूर फेकली. "आता उतरूनच दाखव!"

असं म्हटल्यावर पायल थांबते होय! तिने सरळ खालच्या धानाच्या बांधीतल्या चिखलात उडी मारली. पाय मुरगळला. "पायलचं आता तूच पाहा," म्हणून बाबा घरी निघून गेले. मी तिला सायकलच्या कॅरियरवर घालून शाळेत नेलं. फॉर्म भरला एकदाचा! पालक म्हणून सही मी केली. सर म्हणाले, "छान. आता दर शनिवारी हिच्या तक्रारी ऐकायला तुम्हीच या."

परतताना पायल म्हणाली, "ताई, तू मले वरडत काऊन नाईस? कोणी वरडलंच नाई तं मी पुरी बिघडून जाईन ना वं!"

मी सायकल थांबवली. खोल श्वास घेतला. होता नव्हता तेवढा जोर लावून तिच्यावर ओरडले.

"मोठ्यानं बोल ना ताई," ती म्हणाली, "ऐकू नाई आलं."