मुखवट्याआडची चौकशी

आजवर मी एकच दिवस कुणालाही नाव-गाव न विचारता काढला आहे, आणि त्या दिवशी माझं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं.

त्यामुळे आमच्या थोरल्या मुलीने, पल्लवीने, पुण्याहून फोन केला तेव्हा मी हबकलोच. तिने पसंत केलेल्या मुलाचे वडील निवृत्त कर्नल. त्यांनी आम्हा नवरा-बायकोला नगरच्या कॅम्पातल्या एका क्लबात मुखवट्यांच्या नाचाला बोलावलं होतं!

"अण्णा, नीट ऐका," ती म्हणाली. "घंटा होईपर्यंत मुखवटा काढायचा नाही. तुम्ही कोण, कुठले, असलं काही विचारायचं नाही. आणि एखाद्या बाईने नाचायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. तो अपमान समजतात."

"मंग बोलायचं तरी काय? हवापानी?"

"हो, हवापाणीच! कर्नलसाहेबांनी अजून होकार दिलेला नाही. घंटेनंतर जेवताना तुम्हाला भेटतील आणि मग ठरवतील. तोवर फक्त शांत बसा. माझ्यासाठी!"

शांत! देवळालीत माझ्या उसाला तोड यायची असली की मी दोन-दोन दिवस आधीपासून रस्त्यावर येरझाऱ्या घालतो. इथे तर पोरीचा प्रश्न होता. आमच्याकडे मुलगी द्यायची म्हणजे आधी चौकशी. शेजारी, दुकानदार, गिरणीवाला, सगळ्यांना गाठायचं आणि मुलाकडचं घराणं खोदून काढायचं. कर्नलसाहेब बदल्यांवर देशभर फिरलेले, नगरला नुकतेच राहायला आलेले. त्यांचा जुना शेजारी गाठायचा तर काश्मीरला जावं लागलं असतं. पण या नाचाला त्यांचा सगळा गोतावळा एका हॉलात येणार होता! वर माझं तोंड झाकलेलं! चौकशीला याहून सोयीचा पोशाख मी तरी पाहिलेला नाही.

पल्लवीने पुण्याहून मुखवटे आणले होते. माझा सोनेरी, नाकाच्या जागी चोच. त्यावर मी चष्मा चढवला (त्याशिवाय मला समोरची म्हैस दिसत नाही, तिथे व्याही काय दिसणार!). आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे कमलचा मुखवटा जांभळा. तो लावल्यावर कुंकू झाकलं गेलं, म्हणून तिने मुखवट्यावरच वेगळी टिकली चिकटवली. पल्लवीने कपाळाला हात लावला.

हॉलात वाजंत्री मंद वाजत होती. कमल कडेच्या खुर्चीवर पदर सावरून बसली. मी बसलो, उठलो, परत बसलो, परत उठलो.

"बसा की जरा! काय माकडावानी फिरताय?"

"आलोच!"

पहिला गाठला तो पांढऱ्या कोटातला गृहस्थ. "हवा लई छान हाय आज," मी नियमाप्रमाणे सुरुवात केली. "आन् ते कर्नलसाहेब कसे हायेत हो सोभावाला?"

"सर, सूप घेणार?" तो म्हणाला. वाढपी निघाला. त्यानंतर मी एका वाघाला विचारलं, एका फुलपाखराला विचारलं, पेटी वाजवणाऱ्यालाही विचारलं. लोक हसायचे आणि सरकायचे. लांबून पल्लवी मला हातवारे करत होती. 'छान चाललंय' असं म्हणत असावी, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात मोरपिसांचा मुखवटा घातलेली एक बाई समोर आली. "नाचणार का?"

नाही म्हणायची सोय नव्हती! तिने माझा हात धरला आणि मी चिखलातून पाय उपसत चालावं तसा नाचू लागलो. दोनदा तिच्या पायावर पाय दिला. पण कामाचं भान सोडलं नाही.

"बाई, तुमी कर्नलसाहेबांना वळखता का?"

"चांगलीच!"

"मानूस कसा हाय?"

"हट्टी. घोरतो. घरात स्वतःचंच खरं करतो. आणि पत्त्यांत चिटिंग करतो!"

माझे पाय जागच्या जागी थांबले. अशा घरात पोर द्यायची? मी तिचा हात सोडून तडक कमलकडे निघालो. तिच्या शेजारी काळा मुखवटा घातलेला एक उंच माणूस बसला होता आणि ती त्याच्याशी चक्क गप्पा मारत होती! माणूस भला दिसला. मी त्यालाच मध्ये घेतलं.

"साहेब, तुमीच सांगा. घोरनारा, हट्टी, पत्त्यात चिटिंग करनारा मानूस! त्याच्या घरी पोरगी द्यावी का?"

"कोणाच्या घरी?"

"त्या कर्नलच्या!"

त्याचे कान लाल झाले. "हे कोण म्हणालं?"

"ती काय, मोरपिसवाली!"

आणि घंटा झाली. भराभर मुखवटे उतरले. उंच माणसाने काळा मुखवटा काढला, मोरपिसवालीने मोरपिसं काढली, आणि तो तिला म्हणाला, "मी चिटिंग करतो?"

"नाही तर काय!" कर्नलसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

पल्लवी धावत आली होती. तिचा चेहरा मला बघवेना. आपल्या हाताने पोरीचं लग्न मोडलं, या विचाराने माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. माझा मुखवटा तेवढा अजून तोंडावर होता, तो काढायची माझी हिंमत होईना.

"काढा तो," कर्नलसाहेब म्हणाले. "चौकशी काय एकट्या तुम्हालाच येते? मुलीचे वडील कसे आहेत, हे मी मघापासून इथे बसून विचारून घेतलं."

"कोनाकडं?"

त्यांनी कमलकडे बोट केलं.

"मला काय म्हाईत, हे व्याही हायेत म्हनून?" कमल पदराशी चाळा करत म्हणाली. "नाव इचारायचं न्हाई म्हनली व्हती ना पोरगी! आन् तोंड झाकल्यावर लाजबी वाटंना."

"हट्टी, घोरतात, स्वतःचंच खरं करतात," कर्नलसाहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. "तुम्ही पत्ते खेळता ना? मग आपलं जमेल!"

लग्न झालं, पोर सुखात आहे. पण कमलने त्या दिवशी माझा आणखी एक अवगुण सांगितला होता म्हणे. तो कोणता, हे व्याही काही केल्या सांगत नाहीत, नुसते माझ्याकडे बघून हसतात. कमलही सांगत नाही. म्हणून हल्ली मी नगरला गेलो की व्याह्यांच्या शेजाऱ्यांकडे माझीच चौकशी करतो.