धनगरवाड्याची ओळ

चौगुले साहेब गेल्याची बातमी मला ऑफिसच्या ग्रुपवर कळली. वर कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचा फोटो, खाली गुड मॉर्निंगचं फूल आणि मध्ये दोनच शब्द, 'साहेब गेले'. मी टाकणाऱ्याला तिथंच झापलं, कुठले साहेब ते नीट लिहायला काय होतं? उत्तर आलं, "बाई, आपले चौगुले साहेब. सकाळी, चहा घेताना." मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग... त्याला आता सहा आठवडे झाले. अजून मला राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

मी दूरसंचार खात्यात कारकून, ते माझे अधिकारी. वीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. कागलकडच्या शेतकरी घरातला माणूस, आवाज असा की यांना फोन कशाला हवा, असं आम्ही पाठीमागं म्हणायचो. "ओ कुलकर्णी बाई!" अशी हाक आली की खालच्या मजल्यावरचा शिपाई उठून उभा राहायचा. "बाई, तुमचं मराठी लई इस्त्रीचं बगा," म्हणायचे. मी म्हणायचे, "आणि तुमचं चुरगळलेलं." मग दोघंही हसायचो आणि कामाला लागायचो.

काही वर्षांपूर्वी, जिथं मोबाईल लागत नाही अशा गावांची यादी सरकारनं मागवली. त्या यादीवरूनच नवे टॉवर ठरणार होते. एका महसुली गावाला एक ओळ. गावात जायचं, शाळेपाशी उभं राहून फोन बघायचा आणि रेंज आहे की नाही ते लिहायचं. सगळा जिल्हा असाच उरकला. पश्चिमेच्या डोंगराकडं एका गावात साहेब स्वतः गेले. शाळेपाशी रेंज फुल्ल. सरपंचांनी चहाला बसवलं, आणि चहा पिता पिता साहेबांनी 'रेंज आहे' असं लिहून सही ठोकली. त्याच गावाचा धनगरवाडा वर डोंगरावर, दीड तासाची उभी चढण. कागदावर त्याला वेगळं नाव नाही, तो खालच्या गावातच मोडतो. साहेब वर गेले नाहीत. मीही गेले नसते, खोटं कशाला बोलू?

पुढं दोनेक वर्षांनी त्या वाड्यावरची विठाक्का आमच्या ऑफिसात आली. साठीची बाई, हातात टॉवरसाठीचा अर्ज, खाली सगळ्या वाड्याचे अंगठे. भांडायला नव्हती आली. साहेबांनी विचारलं म्हणून तिनं सांगितलं, "सून अडली. वाड्यावर फोन लागत न्हाय, ल्योक पळत खडकावर गेला, तितं जरा रेंज येती. दवाखान्याची गाडी आली खरं, सुनंला बांबूच्या पाळण्यात घालून खाली आनंस्तवर बाळ गेलं." एवढं बोलून तिनं अर्ज पुढं केला. साहेबांनी यादी उघडली. त्या गावापुढं त्यांचंच अक्षर, त्यांचीच सही. ती बाई गेल्यावर दिवसभर त्या माणसाचा आवाज आला नाही. संध्याकाळी निघताना म्हणाले, "बाई, त्या चहाची चव अजून तोंडात हाय वो माज्या."

मग फाइव्ह-जीचं नियोजन आलं. जिल्ह्याच्या कचेरीत मोठी बैठक, एसी, काजू-बिस्किटं. मुंबईहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर नकाशा लावला. राजारामपुरीत दिव्याच्या कुठल्या खांबांवर अँटेनाचे डबे बसणार, इचलकरंजीत कुठं, महामार्गावर कुठं, सगळं ठरलेलं. फोर-जीचं काम जिल्ह्यात पूर्ण झालंय, म्हणून नकाशा पश्चिमेपर्यंत हिरवागार, हिरवं म्हणजे रेंज आहे. आमचे साहेब उठले. "साहेब, हितं हिरवं हाय खरं, तितं साधा फोन लागत न्हाय." मुंबईचे साहेब हसून म्हणाले, "तुमच्याच ऑफिसची यादी आहे ही." मी शेजारी बसून साहेबांचा शर्ट ओढत होते, बसा म्हणून. ते म्हणाले, "व्हय. सही माजी हाय. मी वर न जाता लिवलंय. चूक माजी हाय, ती ओळ दुरुस्त करा." निवृत्तीला सहा महिने उरलेले आणि हातात नोटीस! मी बाहेर येऊन त्यांना नको नको ते बोलले. कोण विचारणार होतं, सगळ्यांनीच तसं लिहिलंय, तुम्हीच एकटे हरिश्चंद्र का? त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, बाळ माज्या ओळीत गेलं न्हवं?"

नोटिशीचं पुढं काही झालं नाही, पण ओळही बदलली नाही. निवृत्तीनंतर साहेब स्वतःच्या स्कूटरवरून जायचे, दीड तास चढायचे, घराघरापुढं उभे राहून रेंज बघायचे आणि वहीत लिहायचे. त्यावरून मी अर्ज टाइप करायची. डॉक्टरांनी चढ बंद सांगितला होता. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हातापाया पडून सांगितलं. मी सांगितलं. "हे शेवटचं बगा," असं म्हणून ते चार वेळा गेले. त्या चढानंच त्यांना नेलं असं वहिनींना वाटतं. मलाही वाटतं. आणि त्यांच्यासाठी अर्ज टाइप करून देणारी मीच.

गेल्या आठवड्यात पुढच्या टप्प्याची यादी आली. त्यात धनगरवाडा आहे. वेगळ्या ओळीत, स्वतःच्या नावानं. मी ऑफिसातच ढसाढसा रडले. रविवारी त्या पानाची प्रत घेऊन वहिनींकडं गेले. वहिनींनी तो कागद साहेबांच्या फोटोपुढं ठेवला. मग म्हणाल्या, दर रविवारी सकाळी नऊला हे वाड्यावर फोन करायचे. विठाक्का तेवढ्यासाठी खडकावर चढून बसायची. ते गेल्यापासून त्यांचा फोन कपाटात बंद पडला होता, मुलानं त्या सकाळीच चार्ज करून चालू केला होता. आम्ही बोलतोय तोवर तो वाजला.

नाव वाचून वहिनींनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडं वाऱ्याचा आवाज. "साहेब? सा रविवार झालं, दर खेपंला खडकावर बसून जातोय आमी. बरं हाय न्हवं?" मी म्हटलं, मी कुलकर्णी बाई. धनगरवाडा यादीत आला, विठाक्का. टॉवर होणार. ती केवढ्यांदा हसली! मग म्हणाली, "साहेबास्नी द्या की फोन. त्येंच्या तोंडानं ऐकू दे."

मग सांगावंच लागलं. पलीकडं काहीच ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली, पण वारा ऐकू येत होता.

"मातीला आलो असतो की वो आमी. सगळा वाडा आला असता," ती म्हणाली. "एक फोन करायचा हुता."

"केला होता, विठाक्का," मी म्हटलं. "साहेब गेले त्या दिवशी त्यांच्या मुलानं दहा वेळा केला. लागला नाही."