सात नंबरची मावशी

भामाबाईचं पोट कॉलेजात इतकं नावाजलेलं होतं की तिचा चेहरा फारसा कुणी पाहिलाच नाही. वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेवर ती पडलेली असे आणि सकाळी मेडिकलची पोरं घोळक्याने येऊन एकेक करून तिची पानथरी, म्हणजे प्लीहा, चाचपत. सिकलसेल या रक्ताच्या दुखण्यात वाढलेली एवढी मोठी पानथरी पुस्तकातही सापडायची नाही, असं युनिटचे सर कौतुकाने सांगत. कौतुक पानथरीचं होतं, बाईचं नव्हे.

त्या घोळक्यात सगळ्यात मागे उभा असे केरबा वानोळे, भामाबाईच्या बहिणीचा मुलगा.

लातूर नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. तिकडच्याच एका मेडिकल कॉलेजात केरबा तिसऱ्या वर्षाला होता. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या जंगलात आंध आदिवासींची त्याची वाडी. तिथून इतक्या लांब शिकायला आलेला तो पहिलाच. आईबाप लहानपणीच गेले. मावशीने त्याला वाढवला. मोहाची फुलं वेचली, दुसऱ्यांच्या रानात खुरपलं आणि त्याला आश्रमशाळेत घातला. आता, तो तिसऱ्या वर्षाला असताना, पावसाने दडी मारली, ओढा आटला, आणि लांबच्या झिऱ्यावरून घागरी वाहता वाहता भामाबाईची हाडं ठणकू लागली. अंगातलं पाणी कमी झालं की हे दुखणं उसळतं. वाटेतले दवाखाने सोडून, एसटी बदलत बदलत ती इथवर आली, कारण आपलं माणूस इथे होतं.

आणि पहिल्याच राउंडला ते आपलं माणूस समोर आलं, तेव्हा तिने त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं. आपल्यापायी पोराला कमीपणा यायला नको, एवढं तिला कळत होतं. केरबाही गप्प राहिला. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज त्याला दुपारी जेवू देईना.

होस्टेलात त्याला सगळे 'जंगल' म्हणत. धड नाव घ्यायला त्यांची जीभ झिजत असावी. त्याने आपलं बोलणं बदललं, 'हाय'चं 'आहे' केलं, तरी ते नाव काही सुटलं नाही. उदगीरच्या एका आडत्याचा मुलगा तर भामाबाईच्या खाटेशी उभा राहूनच म्हणाला, आम्ही फी भरून मरतो आणि याचं बघा, सगळं फुकट. त्याच खाटेशी सरांनी आदिवासींचं आरोग्य शिकवलं: ही माणसं आपापसांत लग्नं करतात, अंगारे-धुपारे करतात, दवाखान्यात उशिरा येतात. पाणी किती लांबून आणता, हे कुणी तिला विचारलं नाही. पोरं पोट दाबायला तेवढी शिकली.

सलाइन लागलं तसा चार दिवसांत ठणका उतरला. आता घरी जा, असं नर्स सुमनबाई म्हणाली. सर म्हणाले, मुंबईची समिती यायची आहे, तोवर राहू द्या. भामाबाई राहिली. भेटायच्या वेळेला केरबा चोरासारखा तिच्यापाशी गेला. एसटीत बसवून देतो, घरी जा, असं त्याने परोपरीने सांगितलं. ती नुसती हसली. त्याला वाटलं, इथे नळ आहे, दोन वेळची भाकरी आहे, म्हणून हिचा पाय निघत नाही. तिचा राग आला त्याला. दुष्काळात कुणी भाकरीसाठी थांबलं तर त्यात रागावण्यासारखं काय आहे? पण येतो राग, आणि तो आपल्या माणसाचाच येतो.

समिती आली. मेडिकल कॉलेजं आदिवासींचं आरोग्य कसं शिकवतात आणि आदिवासी मुलांना आधार काय देतात, हे पाहत ती मंडळी फिरत होती. त्यांच्यासाठी टँकरच्या पाण्याने सगळा वॉर्ड धुतला होता. सरांनी त्यांना थेट सात नंबरपाशी नेलं. दोन्ही कामं एकदमच उरकावीत म्हणून त्यांनी केरबाला पुढे बोलावलं. हा आमचा आदिवासी विद्यार्थी, हाच तुम्हाला पेशंट तपासून दाखवेल, असं ते म्हणाले.

केरबाने मावशीच्या पोटावर हात ठेवला. लहानपणी थंडीत याच पोटाला बिलगून तो झोपत असे. त्याची बोटं चालेनात. समितीतल्या बाईंच्या ते ध्यानात आलं असावं. इथे शिकताना काही अडचण आहे का, मोकळेपणाने सांग, असं त्या म्हणाल्या. सर हसतमुखाने बघत होते. पुढच्या महिन्यात तेच त्याची परीक्षा घेणार होते. केरबा नुसता पोटावरच्या आपल्या हाताकडे बघत राहिला.

तेवढ्यात भामाबाई उठून बसली.

"त्याला काई अडचण न्हाई, बाई. त्याची फी मी भरून राहिले."

कसली फी, बाईंनी विचारलं.

"बाकीच्या पोरायचे बाप पैसे भरतेत. ह्याला बाप न्हाई. ह्याचं समदं फुकट, असं इथंच बोलत व्हते. म्हनून मी पोट दिलं दाबायला. अजून किती दिस पडू, तेवढं सांगा."

सुमनबाई तोंडाला पदर लावून बाजूला झाली. केरबाने मावशीचं लुगडं नीट करून तिचं पोट झाकलं. तीन वर्षं घासूनपुसून ठेवलेलं बोलणं त्याच्या तोंडी आलंच नाही.

"ही माझी मावशी हाय," तो म्हणाला. "आन अडचण हाय, मॅडम. लई हाय."

मग तो बोलत राहिला, फुकटच्या टोमण्यापासून झिऱ्याच्या पाण्यापर्यंत. भामाबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. इतके दिवस सोसलेलं पोराने एका बोलण्यात मातीत घातलं, असं तिला वाटलं.

समितीने सगळं ऐकून घेतलं आणि ती मुंबईला गेली. पुढच्या महिन्यातल्या परीक्षेत केरबा नापास झाला. तो पुढे डॉक्टर झाला, किनवटकडेच दवाखान्यात लागला, मावशीलाही त्याने शेवटपर्यंत सांभाळलं. पण त्या वर्षाची गोष्ट निघाली की तिचं एकच म्हणणं असे. आपण लवकर उठून बसलो, म्हणून फी कमी पडली.